पाठमोरा

हुतात्मा दिनानिमित्त आमच्या वृंदाने समूहगान सादर केले, टाळ्या पडल्या आणि सत्कार सुरू झाला. गाणाऱ्या प्रत्येकाच्या खांद्यावर सोलापुरी चादर आली, तबलजीच्या आली, ध्वनिक्षेपकवाल्याच्याही आली, मी पुढे सरकलो तेव्हा यादी धरलेल्या स्वयंसेवकाने "सर, तुम्ही गायला नव्हता ना?" असे निरागसपणे विचारले. वृंद बसवणारा स्वतः गात नसतो, हे समजावून सांगेपर्यंत चादरी संपल्या होत्या.

हेही मी गिळले असते, पण पहिल्या रांगेतले एक पांढरी टोपीवाले गृहस्थ मला गाठायला थेट विंगेत आले. कार्यक्रमभर त्यांची नजर माझ्या पाठीवर असावी, कारण सुरुवात त्यांनी तिथूनच केली.

"सर, तासभर पाहुण्यांकडं पाठ करून उभारलात की ओ."

गाणाऱ्यांना माझे हात दिसावे लागतात, असे मी म्हणालो.

"ते कुठं बघत होते? सगळ्यांचे डोळे वहीत."

हे दुर्दैवाने खरे होते.

"आन् दुसरं," त्यांनी माझी अब्रू राखण्यासाठी आवाज उतरवला, "मागच्या रांगेतले गडी वेगळीच चाल म्हणत होते. तुमच्या लक्षात आलं नाही वाटतं."

त्या वेगळ्या चालीसाठी मी डिसेंबरभर घसा फोडला होता. भजनात एकाने म्हणायचे आणि बाकीच्यांनी तेच उचलायचे, या सवयीत वाढलेले गळे दोन चाली एकदम धरायला तयार होत नाहीत. बायकांचा वरचा स्वर कानावर पडला, की पुरुष आपली ओळ सोडून निमूटपणे त्यांच्यामागे जातात. संगीतकार सलील चौधरी यांनी मुंबईत १९५८ साली बॉम्बे यूथ कॉयर हा अशा एकदम अनेक चालींत गाणारा वृंद उभा केला, पण तिथून सोलापूरला येणारी गाडी अद्याप वाटेत कुठेतरी उभी असावी.

शिवाय गाण्यात नावे होती. १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी गेलेल्या मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकृष्ण सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन या सोलापूरच्या स्वातंत्र्यसैनिकांची नावे या गावात तरी स्पष्ट ऐकू आली पाहिजेत, असा माझा हट्ट. 'धनशेट्टी'तला 'ट्ट' लांबवता येत नाही, म्हणून श्वास 'शे'वर खर्च करावा लागतो. 'हुसेन'चा 'न' मराठी घरांतली मंडळी लवकर मिटतात, तेलुगू घरांतल्या बायका त्याला शेपूट म्हणून एक स्वर जोडतात, आणि तो 'न' सर्वांच्या तोंडून एकाच क्षणी बंद व्हावा यासाठी माझी उजवी मूठ मिटते. एवढ्यासाठी मी तिथे पाठमोरा उभा असतो. मंडपवाला बिल लावतो, ध्वनिक्षेपकवाला आगाऊ रक्कम घेतल्याशिवाय तार जोडत नाही, आणि मला "तुमचा तर छंद आहे" असे सांगितले जाते, जणू छंदाला रिक्षाभाडे पडत नाही.

यातले काही मी त्या गृहस्थांना सांगितलेही. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि माझ्या हातांकडे प्रथमच आदराने पाहिले.

"मग आमच्या नातवाला शिकवा की हे," ते म्हणाले. "त्याला गळा नाही, पण हात चांगले हलवतो."

मी महिन्याची फी सांगितली.

"गाणं न म्हणता एवढी?" असे म्हणून ते चहाच्या टेबलाकडे वळले.