सेरो गोर्डोबाबत खुलासा

‘अमेरिकेत एका तरुणाने अख्खे गाव 14 लाखांत घेतले आणि तो आता खाणीतून चांदी काढून कोट्यधीश झाला’ हा मजकूर गेल्या आठवड्यापासून लातूर, उदगीरकडच्या अनेक व्हॉट्सॲप गटांत फिरत आहे. त्यातील गाव खरे आहे, हिशेब मात्र चुकीचा आहे.

कॅलिफोर्नियातील सेरो गोर्डो हे ओसाड पडलेले खाणगाव ब्रेंट अंडरवूड यांनी एका भागीदारासह 2018 मध्ये 14 लाख डॉलरना घेतले. त्या वेळच्या दराने ही रक्कम साडेनऊ कोटी रुपयांच्या आसपास जाते. कोणीतरी पुढे पाठवताना ‘डॉलर’ हा शब्द गाळला, एवढाच काय तो स्वस्ताईचा चमत्कार.

चांदीचा खरा सुकाळ 1870 च्या दशकातला. तेव्हा चांदी-शिशाच्या लगडी खेचरांच्या गाड्यांतून लॉस एंजेलिसला जात. आज तेथे चालू आहे ते खाणकाम नव्हे, तर जुन्या इमारतींची डागडुजी आणि पर्यटकांसाठीची तयारी. तेथील 1871 चे ‘अमेरिकन हॉटेल’ नावाचे लाकडी हॉटेल जून 2020 मध्ये आगीत भस्मसात झाले, आणि ते पुन्हा उभारायचे म्हणजे प्रत्येक सामान पायथ्याच्या कीलर गावाहून घाटासारख्या कच्च्या रस्त्याने सुमारे साडेआठ हजार फुटांवर चढवणे आले. खरेदीच्या वेळी गावात नळाचे पाणीसुद्धा नव्हते. 2016 मध्ये मिरजेहून रेल्वेने आलेले पाणी प्यालेल्या लातूरकरांना याचा अर्थ वेगळा सांगावा लागणार नाही.