थकबाकीचा रंग गडद लाल

सोसायटीच्या वार्षिक सभेत मी चहा घ्यायला उठलो, तेवढ्यात मागून कुणीतरी म्हणालं, "हे उभेच आहेत, यांनाच खजिनदार करा." कप हातात येईपर्यंत ठराव मंजूर झाला होता.

जुन्या खजिनदारांनी अठ्ठेचाळीस फ्लॅटचा हिशेब एका एक्सेल शीटमध्ये भरून दिला आणि त्याच आठवड्यात ते मुलाकडे बंगळुरूला निघून गेले. 'डी' रकान्यात देय तारीख, 'ई' रकान्यात पैसे आल्याची. मी ठरवलं, मुदत उलटली की ओळ आपोआप लाल झाली पाहिजे. कुणाचं दार वाजवायचं आणि कुणाकडे बघून लिफ्टमध्ये नुसतं हसायचं, हे एका नजरेत कळावं. शिवाय उपविधींप्रमाणे थकबाकीवर व्याज लावता येतं. तारीख चुकली की भांडण पक्कं.

मुलीला विचारलं. "सोपंय बाबा. कंडिशनल फॉरमॅटिंग. डी-दोन लहान, टुडे, कंस उघड, कंस बंद. झालं." म्हणजे देय तारीख आजच्या तारखेपेक्षा लहान असेल, तर एक्सेल आपोआप रंग देणार. आणि ती फोनमध्ये परत गेली.

मी अख्खा 'डी' रकाना निवडून नियम लावला. वरपासून खालपर्यंत लालच लाल! फ्लॅट अठ्ठेचाळीस, थकबाकीदार हजारो. रिकामा सेल म्हणजे एक्सेलच्या लेखी शून्य, आणि त्याच्या तारखा म्हणजे नुसते आकडे: १ जानेवारी १९०० हा १, तर १ एप्रिल २०२५ म्हणजे ४५७४८. थोडक्यात, माझ्या रिकाम्या ओळींनी १९०० सालाच्याही आधीपासून मेंटेनन्स थकवला होता. व्याज काढायचा मोह झाला, पण मुद्दलच नव्हतं.

'डी रिकामा नसेल आणि ई रिकामा असेल तर' अशी अट वाढवली. मग पूर्ण ओळ रंगवायला गेलो, तर शीटला गोवर आल्यासारखे कुठेही ठिपके उठले.

"डीच्या आधी डॉलर लाव," मुलगी म्हणाली.

"अगं, इथे रुपये येईनात, डॉलर कुठून लावू?"

तिने निमूटपणे लॅपटॉप ओढून घेतला. डॉलर लावला की रकाना जागचा हलत नाही म्हणे. आमच्या सभासदांना कुठे लावता आला असता तर!

आता सगळं ठीक दिसत होतं, फक्त बी-३०४ पांढराशुभ्र. चौदा महिने ज्या माणसाने सोसायटीला दमडी दिली नाही, तो माणूस.

"बी-३०४ बघ गं जरा."

ती 'बी' रकान्यात तीनशेचाराव्या ओळीवर जाऊन बसली. "इथे काहीच नाहीये, बाबा."

"दारावर गेलं तरी हेच उत्तर मिळतं. फ्लॅट नंबर म्हणतोय मी!"

निघालं असं, की जुन्या खजिनदारांनी त्या ओळीत तारखेत टिंबं दिली होती. ३१.०३.२०२४. टिंबवाली तारीख एक्सेलला तारीख वाटलीच नाही, नुसती अक्षरं वाटली. आणि त्याच्या हिशेबात अक्षरं कुठल्याही आकड्यापेक्षा मोठी. म्हणजे आज, उद्या, जगाच्या अंतापर्यंत त्या गृहस्थांची मुदत संपणार नव्हती. अशी तारीख सेलच्या डाव्या कडेला चिकटते, खरी तारीख उजवीकडे राहते. टिंबं काढून तिरप्या रेघा दिल्या मात्र, बी-३०४ भडकला. आयुष्यात इतका आनंद मला क्वचितच झालाय. एक्सेलने सुचवलेला फिकट लाल मला फारच भिडस्त वाटला, म्हणून सगळ्यांना गडद लाल केला.

यादी पेन ड्राइव्हवर घेऊन झेरॉक्सच्या दुकानात गेलो. रंगीत प्रिंटचे दहा रुपये, काळ्या-पांढऱ्याचे दोन. सेक्रेटरींना फोन केला. ते म्हणाले, "रंगीतचा खर्च ऑडिटला कोण दाखवणार?" दोन रुपयांची काढली, रात्रीच नोटीस बोर्डावर लावली आणि शांत झोपलो.

सकाळी साडेसातला बेल. दारात सी-२०२ मधल्या आजी, हातात पावती. "मी पाच तारखेला चेक दिलाय. माझं नाव बोर्डावर का?" त्यांच्या मागे जिन्यात रांग, प्रत्येकाच्या हातात पावती.

धावत खाली गेलो. गडद लाल छापून आला होता कुळकुळीत काळा. थकबाकीदारांची नावं त्या अंधारात पार बुडालेली, आणि 'थकबाकीदार सभासदांची यादी' या मथळ्याखाली ठसठशीत वाचता येत होती ती वेळेवर पैसे भरणाऱ्यांची नावं.

बोर्डासमोर बी-३०४ दूध घेऊन उभे होते. चष्मा वर सरकवत म्हणाले, "खजिनदारसाहेब, काय एकेक लोक असतात हो आपल्या सोसायटीत!"