‘सगळ्यात रिकामा सर्व्हर’ या आग्रहाबद्दल

नमस्कार,

अनेक सर्व्हरमध्ये कामं कशी वाटायची यावरच्या माझ्या लेखाबद्दल तुम्ही लिहिलंत की सगळ्या सर्व्हरचा लोड (कुणावर किती काम आहे ते) बघून सगळ्यात रिकाम्याला काम द्यायचं, इतकं सरळ असताना ‘कुठलेही दोन निवडा, त्यातला कमी भरलेला घ्या’ हा माझा सल्ला म्हणजे आळस आहे. शिवाय ग्रिडबद्दल, म्हणजे ठिकठिकाणची कॉम्प्युटर केंद्रं जोडून केलेल्या जाळ्याबद्दल, मी वरवर लिहिलं, असंही तुमचं म्हणणं आहे. दुसरं मला मान्य आहे, पहिलं नाही.

लोडचा आकडा आपल्या हातात पडेपर्यंत शिळा झालेला असतो. दादरला तिकिटाची एखादी खिडकी मोकळी दिसली की चारही रांगांतली माणसं एकदम तिकडे धावतात आणि मिनिटभरात तीच रांग सगळ्यात लांब होते. अंधेरीच्या एका ऑफिसात मी हे रात्री अडीच वाजता ग्राफवर बघितलंय. १६ मशीन होती, आकडा दर ३० सेकंदांनी यायचा. तेवढा वेळ येणारं प्रत्येक काम एकाच मशीनवर जाऊन आदळायचं, बाकीची १५ जवळजवळ बसून. पुढच्या आकड्याबरोबर पाळी दुसऱ्या मशीनची. प्रोग्राम अगदी तुम्ही सांगता तसाच लिहिलेला होता, आणि तो मीच लिहिला होता.

दोनांतून एक निवडलं की ही झुंबड फुटते. अझर, ब्रोडर, कार्लिन आणि उप्फाल या संगणकशास्त्रज्ञांनी १९९४ मध्ये याचं गणित मांडलं: एकाऐवजी दोन पर्याय बघितले तरी सगळ्यात भरलेल्या मशीनवरचा भार प्रचंड उतरतो, तिसऱ्या-चौथ्या पर्यायाने मात्र थोडाच फरक पडतो. पुढे मिट्झेनमाखर यांनी माहिती जुनी असतानाही दोनांची निवड तग धरते आणि ‘सगळ्यात रिकामा’ कोसळतो, हे दाखवलं. मग याला आळस कसं म्हणायचं?

आता ग्रिड. तिथे सगळी मशीन सारखी नसतात आणि डेटा हलवणं महाग पडतं, हे मी लिहायलाच हवं होतं. सर्न या युरोपातल्या कणभौतिकी प्रयोगशाळेच्या सीएमएस प्रयोगाचं एक टियर-२ (दुसऱ्या फळीचं) कॉम्प्युटर केंद्र आपल्या कुलाब्याला टीआयएफआर या संशोधन संस्थेत आहे. अशा ग्रिडवर आधी एक ‘पायलट’ जॉब, म्हणजे चाचपणी करणारा छोटा प्रोग्राम, मशीनवर पोचतो, सगळं ठीक आहे ना ते तपासतो आणि मगच खरं काम मागून घेतो. कोण रिकामं आहे याचा अंदाज बांधावाच लागत नाही, जो रिकामा तोच हात वर करतो. भार जास्त असताना काम मागून घेणं सरस ठरतं, हे ईगर, लाझोव्स्का आणि झाहोर्जन यांनी १९८६ मध्येच दाखवलं होतं. हा परिच्छेद मी आज मूळ लेखात घालतो.

तुमच्याकडे आकडा किती सेकंदांनी ताजा होतो आणि एक काम किती वेळ चालतं, तेवढं कळवा. कामं तासन्‌तास चालणारी आणि तुरळक येणारी असतील, तर तुमच्या पद्धतीला माझा काहीच विरोध नाही.