खुलासा : हिंदी शिपायांना व्हिक्टोरिया क्रॉस कधीपासून?

'१८५७ च्या धामधुमीतच हिंदी शिपायांनाही व्हिक्टोरिया क्रॉस मिळू लागला' असा मजकूर फिरतो आहे. तो चुकीचा आहे. ब्रिटिशांचे हे सर्वोच्च शौर्यपदक १८५६ मध्ये सुरू झाले, पण देशी शिपायांना ते १९११ पर्यंत बंदच होते. त्यांच्यासाठी कंपनी सरकारचे १८३७ चे 'ऑर्डर ऑफ मेरिट' होते. इतकी वर्षे रक्त सांडूनही दारे बंद, हे विसरू नये. १९१४ मध्ये खुदादाद खान हे व्हिक्टोरिया क्रॉसचे पहिले हिंदी मानकरी ठरले. पुढे इटलीत आपल्या मराठा पलटणीचे यशवंत घाडगे (१९४४, मरणोत्तर) आणि नामदेव जाधव (१९४५).

पदक साध्या कांस्याचे, मुकुटावर सिंह. त्यावर 'फॉर द ब्रेव्ह' येणार होते. बाकीचे शूर नव्हते असा अर्थ निघेल म्हणून व्हिक्टोरिया राणीने 'फॉर व्हॅलर' करून घेतले.