आधी पाण्याचा हिशोब, मग मेलेल्या माशांचा

मालक, तुमची कॉमेंट रात्री वाचली, जरा लागली, म्हणून लगेच उत्तर दिलं नाही. सकाळी चहा घेत परत वाचली तर निम्मी पटली. ज्यांनी वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: सोलापुरात चार-पाच दिवसाआड नळाला पाणी येतंय आणि हा माणूस हॉलमध्ये खाऱ्या पाण्याच्या माशांची टाकी, म्हणजे समुद्रच मांडून बसलाय, मागच्या लेखात सगळं गोड गोड लिहिलंय, किती मासे मेले ते सोयीनं गाळलंय, आणि दुकानदार तर दोन दिवसात मासे सोडा म्हणतो, मग हे मासे न सोडता सहा आठवडे थांबायचं खूळ कुठून काढलं, शेवटी मीठच कालवायचंय ना पाण्यात. शेवटच्या ओळीत तुमचा मुलगा हट्ट धरून बसलाय असंही आहे. खरा राग तिथला असावा असं मला वाटलं, चुकलं असेल तर सोडून द्या.

पाण्याचं आधी. माझी टाकी तीन फूट बाय दीड बाय दीड, वाळू आणि दगड धरून आत खरं पाणी १६० लिटर. हे पाणी आरओचं लागतं आणि आमचं मशीन एक लिटर चांगलं देताना तीन लिटर बाहेर टाकतं, म्हणजे पहिल्यांदा भरायला ६४० लिटर गेलं. हा आकडा मी मागच्या वेळी लिहिला नव्हता, लिहायला पाहिजे होता, मान्य. एका दिवसात नाही भरलं, नळ आला की थोडं थोडं असं तीन आठवडे कॅनमध्ये साठवत गेलो. आता चालू खर्च बघा: थंडीत दिवसाला दीड-दोन लिटर वाफ होऊन जातं, मे महिन्यात वरून फॅन चालू असला की पाच लिटर, आणि आठवड्याला पंधरा लिटर जुनं काढून नवं घालतो. म्हणजे ऐन उन्हाळ्यात आठवड्याला ५० लिटर आरओचं, त्यापायी दीडशे लिटर बाहेर पडलेलं. हे दीडशे बाथरूमच्या पिंपात जातं, फरशी, संडास, गाडी धुणं सगळं त्यावर चालतं, नाहीतर तिथं नळाचंच गेलं असतं. उरले ५० लिटर, ते खरंच जातात, कारण टाकीतून काढलेलं खारं पाणी कुंडीतही घालता येत नाही. आमच्या हॉलमधला कूलर एवढं एका रात्रीत सहज पितो आणि त्याला कुणी लाज काढत नाही. तरी पण ज्याच्या घरी प्यायलाच टँकर लागतो त्यानं या भानगडीत पडू नये हे मी आज स्पष्ट लिहितो, तेवढं तुमचं बरोबर.

आरओवरून आठवलं, घरातलं पिण्याचं मशीन तसंच चालेल असं समजू नका. त्यात चवीसाठी थोडं मूळ पाणी परत मिसळायची सोय असते, त्यामुळं टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या क्षारांचा आकडा, पन्नास-साठ, कधी शंभर येतो. आपल्याला शून्य पाहिजे, म्हणून पुढं उरलेसुरले क्षार शोषून घेणारी एक डीआय रेझिनची नळी लावायची. आमच्या बोअरचा टीडीएस अकराशेच्या वर आहे, ते पाणी एका नातेवाईकानं मीठ घालून थेट वापरलं तर महिन्यात काचेवर तपकिरी शेवाळ आणि दगडावर हिरवे केस, कितीही खरवडा.

मिठाचं म्हणाल तर स्वयंपाकाच्या मिठात जवळजवळ सगळं सोडियम क्लोराइडच असतं, वर आयोडीन आणि गोळे होऊ नयेत म्हणून घातलेली पावडर. समुद्राच्या पाण्यात लिटरला ३५ ग्रॅम क्षार, त्यात मॅग्नेशियम साधारण १३०० मिलिग्रॅम, कॅल्शियम ४०० च्या आसपास, ते नसेल तर मासे कसेबसे तग धरतील पण बाकीचं काही जगणार नाही. मरीन सॉल्टची बादली महाग असते, पण तिथं काटकसर करू नका, करायची तर टाकीवरच्या दिव्यात करा.

आता दोन दिवसात मासे. दुकानदार खोटं बोलत नाही, मासा दोन दिवसात सोडता येतो, फक्त तो दहाव्या दिवशी मरतो आणि मग तुम्ही परत त्याच्याचकडं जाता. माशाच्या मूत-घाणीतून अमोनिया होतो, तो माशाला विष, एक जातीचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, तेही विषच, दुसरे त्याचं नायट्रेट, ते बरंच सोसतं, आणि हे जिवाणू दगडाच्या भोकाभोकात वसायला चार ते सहा आठवडे घेतात. बाटलीतले जिवाणू मिळतात, त्यानं थोडं लवकर होतं, पण टेस्ट करून खात्री तरी करा. जिवाणूंना खायला म्हणून बरेच लोक कोळंबीचा तुकडा टाकीत कुजवतात. आमची आई माळकरी, कोळंबी आणली असती तर टाकीबरोबर मीही बाहेर गेलो असतो. मग कळलं की आपला नवसागर, कल्हईवाले भांड्यावर टाकतात तो, तो म्हणजे अमोनियम क्लोराइडच. बाजारातला मळकट नाही घ्यायचा, लॅबचा शुद्ध घ्यायचा, १६० लिटरला जेमतेम एक ग्रॅम. आईला सांगितलं नवसागर आहे, ती म्हणाली मग हरकत नाही. अमोनियाची टेस्ट पहिले आठ-नऊ दिवस गर्द हिरवी, रोज नळी उजेडात धरून बघायची आणि परत ठेवायची, आणि अडतिसाव्या दिवशी पिवळी धमक आली, म्हणजे अमोनिया शून्य, नायट्राइटही शून्य. त्या दिवशी टाकीत एकही मासा नव्हता आणि मी पेढे वाटायचे बाकी ठेवले होते.

आता मेलेले, तीन. पहिला ब्लू टँग, चूक माझीच, एक फुटापर्यंत वाढणारा, दिवसभर पोहणारा मासा तीन फुटी टाकीत आणला, अंगावर पांढरे ठिपके आले आणि दोन आठवड्यात गेला. दुसरी क्लीनर श्रिंप, म्हणजे माशांचं अंग साफ करणारी कोळंबी. आम्ही आषाढीला पंढरपूरला गेलो, टाकीचं पाणी खाली गेलं की भर एवढंच भावाला सांगितलं होतं. त्यानं कोपऱ्यातला कॅन ओतला, तो नेमका मीठ कालवून ठेवलेला. अरे वाफ पाण्याची होते, मिठाची नाही, आमटी आटून खारट झाली तर वरून पाणी घालतात का मीठ? परत आलो तर खारेपणा मोजणारा रिफ्रॅक्टोमीटर १.०३० दाखवतोय, पाहिजे १.०२५. मी घाबरून एका तासात खाली आणला, आणि हा माझा गाढवपणा, कारण कोळंबीला हा असा झटका सोसत नाही. आता दोन्ही कॅनवर मार्करनं मोठ्ठं लिहिलंय, गोडं आणि खारं, आणि काचेवर पट्टी चिकटवलीय तेवढीच भर.

तिसरा मागच्या मे महिन्यातला. बाहेर त्रेचाळीस-चव्वेचाळीस, दुपारी एक वाजता डीपी जळला, लाइट रात्री आठला आली. इन्व्हर्टर घरातल्या पंख्यांनी चारपर्यंत संपवला. गरम पाण्यात हवा कमी विरघळते आणि खाऱ्यात तर गोड्याहून साधारण पाचवा हिस्सा कमी, त्यात पंप बंद. पाच वाजता टाकीचा थर्मामीटर ३३. क्लाऊन माशांच्या जोडीतली मोठी वर येऊन तोंड उघडझाप करायला लागली, गालफडं फडफडतायत, रंग फिका. बर्फाच्या बाटल्या सोडल्या, माठाला गुंडाळतात तशी ओली चादर काचेभोवती गुंडाळली, मी आणि पोरगी पाळीपाळीनं मगानं पाणी उचलून वरून ओतत बसलो, तीन तास. ती साडेसातला गेली. लहाना वाचला. बॅटरीवरचा एअर पंप हजाराच्या आत येतो, तो मी घेतला नव्हता, दुसऱ्या दिवशी घेतला.

एक गंमत मात्र सांगतो. क्लाऊन सगळे जन्मतः नर, जोडीत जो मोठा तो मादी होतो. उरलेल्या लहान्याला दिवाळीत एक छोटा जोडीदार आणला, आता तोच फुगून दांडगा झालाय आणि नव्याला टाकीभर पळवतो, म्हणजे पळवते. हे दोघंही टाकीत पैदास झालेले आहेत. आपल्याकडं तमिळनाडूतल्या मंडपम आणि केरळातल्या विळिंजमच्या सरकारी संशोधन केंद्रांनी क्लाऊनची पैदास करून दाखवलीय, तेव्हा दुकानात तसलेच मागा. टँग मात्र बहुतेक समुद्रातूनच पकडलेला असतो. आणि कुणी किनाऱ्यावरून जिवंत प्रवाळ आणून देतो म्हणाला तर नंबर सेव्हसुद्धा करू नका, प्रवाळ आणि समुद्रघोडा २००१ मध्येच वन्यजीव कायद्याच्या शेड्यूल एकमध्ये, म्हणजे सगळ्यात कडक संरक्षणाच्या यादीत, घातले गेले. माझे दगड कोरडे, विकतचे.

मुलाचं म्हणाल तर आत्ता मार्चमध्ये अजिबात सुरू करू नका. दिवाळीनंतर पाणी भरा, म्हणजे जानेवारीतल्या गड्ड्याच्या यात्रेपर्यंत नवसागराचं सगळं उरकतं आणि मे यायच्या आत हात बसतो. टेबल मात्र आत्तापासून बघा, पाणी, दगड, काच मिळून पावणेतीनशे किलो होतं, टीव्हीचं युनिट वाकेल. तोवर त्याला एक टीडीएस मीटर घेऊन द्या, दोन-तीनशेला मिळतो, तुमच्या नळाचा, बोअरचा आणि आरओचा आकडा किती येतो ते त्यालाच इथं लिहू दे.