‘एवढा कुटाणा कामून?’ या प्रतिक्रियेला उत्तर

मित्रांना घरी बोलावून लॅनवर (घरातल्या घरात एकमेकांना जोडलेल्या संगणकांवर) खेळायचं तर तयारी काय करायची, या माझ्या लेखाखाली ‘परभणीकर’ या टोपणनावाने एक प्रतिक्रिया आली आहे. ज्यांच्या नजरेतून ती सुटली त्यांच्यासाठी इथे देतो: “हॉटस्पॉट लावला की झालं, एवढा कुटाणा कामून? लेखक २००५ सालातच अडकलाय. लाइट गेली की तुमचा स्विच मेला, आमचा फोन चालू. आठ पोर्टच्या स्विचवर आठ जण आणि वरून राउटर, बसवून दाखवा. खर्चाचा आकडा नाही, जेवणाचा पत्ता नाही, मोबाइलवाल्यांचं नावही नाही. शिकवण्याच घ्यायच्या तर क्लास काढा.”

परभणीकर, तुमचं जे बरोबर आहे ते आधी मान्य करतो. स्विच म्हणजे सगळ्यांच्या तारा एकत्र जोडणारी पेटी आणि पोर्ट म्हणजे तिच्यातली तार खुपसायची जागा. त्या आठ पोर्टचं गणित माझं चुकलं. आठ जण आणि राउटरची एक तार मिळून नऊ पोर्ट लागतात. लेखात दुरुस्ती केली आहे: सात जणांपर्यंत आठ पोर्टचा स्विच, त्यापुढे सोळाचा. सोळाचा घ्यायचा नसेल तर राउटरच्या मागच्या चार लॅन पोर्टांपैकी तिनांत तीन जण लावा आणि चौथ्यातून तार स्विचला न्या. जुन्या राउटरचे पोर्ट १०० मेगाबिटचे असतात, त्यामुळे त्या तिघांकडे फाइल हळू जाईल, खेळाला फरक पडणार नाही. चूक दाखवली, आभार.

पण हीच चूक ‘नऊ पोर्ट लागतील’ एवढ्या तीन शब्दांत दाखवता आली असती. ‘बसवून दाखवा’ कशासाठी? ‘क्लास काढा’ कशासाठी? लेख फुकट आहे, कोणावर वाचायची सक्ती नाही. आणि शिकवण्याचंच म्हणाल तर क्रिम्पिंगचा (तारेच्या टोकाला कनेक्टर दाबून बसवायचा) प्लायर हातात धरून मला १८ वर्षं झाली, माझं पोट त्याच्यावर चालतं. तारेतलं मला कळतं असं मी म्हणतो ते एवढ्या आधारावर म्हणतो. तुमचा आधार काय ते प्रतिक्रियेत कुठे दिसलं नाही.

आता ‘हॉटस्पॉट लावला की झालं’. या वाक्यावर मी थोडा वेळ थांबणार आहे, कारण ते वाचून कोणीतरी आठ मित्रांना बोलावून बसेल आणि अख्खी रात्र वाया घालवेल.

विंडोजमधला मोबाइल हॉटस्पॉट जास्तीत जास्त आठ उपकरणं घेतो. आठ जणांचे आठ लॅपटॉप आले आणि त्यातल्या एकाचाही फोन आपोआप जोडला गेला की आठवा माणूस बाहेर. फोनच्या हॉटस्पॉटलाही अशी मर्यादा असते, प्रत्येक फोनची वेगळी. काही फोन तर जोडलेल्या उपकरणांना एकमेकांशी बोलूच देत नाहीत, फक्त इंटरनेट देतात. तिथे होस्टने (ज्याच्या लॅपटॉपवर बाकीचे येऊन खेळतात त्याने) खेळ सुरू केला तरी बाकीच्यांची लॅनची यादी रिकामीच राहणार, आणि चूक कुठे आहे ते कळायला तास जाणार.

समजा सगळे जोडले गेले. वायफायवर एका चॅनेलवर एका वेळी एकानेच बोलायचं असतं. तुमच्या लॅपटॉपवरून मित्राच्या लॅपटॉपकडे जाणारं पॅकेट (डेटाचा छोटा तुकडा) आधी हॉटस्पॉटकडे जातं आणि तिथून परत हवेत येतं. म्हणजे एका पॅकेटला हवा दोनदा लागते. स्विचमध्ये प्रत्येकाला स्वतःची तार असते आणि त्या तारेवर एकाच वेळी दोन्ही बाजूंनी बोलता येतं. खेळाला वेग फार लागत नाही. काउंटर-स्ट्राइक १.६ सारख्या खेळाला लागणारा डेटा इतका कमी असतो की कोणतंही वायफाय त्याला पुरेल. लागते ती सारखेपणाची हमी. तारेवर पिंग (निरोप जाऊन उत्तर परत यायला लागणारा वेळ) १ मिलिसेकंदाच्या आत असतो आणि रात्रभर तिथेच राहतो. वायफायवर तो एरवी ३ ते ५ दिसेल आणि कोणी व्हिडिओ लावला, शेजाऱ्याचा राउटर त्याच चॅनेलवर आला की मध्येच १०० च्या पुढे उडी मारेल. त्याच क्षणी समोरचा माणूस जागच्या जागी गोठतो, मग एकदम दुसऱ्या दारात दिसतो. यावरून जी भांडणं होतात ती खेळातल्या हारजितीवरून होत नाहीत. २.४ गिगाहर्ट्झमध्ये एकमेकांवर न येणारे चॅनेल तीनच: १, ६ आणि ११. शहरातल्या कोणत्याही अपार्टमेंटमध्ये हे तिन्ही आधीच भरलेले असतात.

गावाकडे उलटी अडचण. माळवदाच्या घरात दोन-दोन फूट जाडीच्या माती-दगडाच्या भिंती. ५ गिगाहर्ट्झचा सिग्नल अशी एक भिंत ओलांडून गेला तर नशीब समजा. उन्हाळ्यात लोक खेळायला गच्चीवर बसतात, राउटर खाली, मध्ये स्लॅब. १५ मीटरची एक तार जिन्यातून वर नेली की प्रश्न मिटतो. तांब्याच्या तारेवर १०० मीटरपर्यंत हीच ग्वाही आहे, तुमचं घर तेवढं लांब नसावं.

आणि फाइल. कोणीतरी एक जण खेळ न टाकता येतोच. ३० जीबीचा खेळ गिगाबिट (१००० मेगाबिटच्या) स्विचवरून, दोन्हीकडे एसएसडी असेल तर, साधारण पाच मिनिटांत उतरतो. १०० मेगाबिटवर पाऊण तास. हॉटस्पॉटवर आठ जण खेळत असताना ही कॉपी लावून बघा, कॉपीही होणार नाही आणि खेळही.

तीन-चार लॅपटॉप, एकच खोली, ५ गिगाहर्ट्झचा बरा राउटर आणि एज ऑफ एम्पायर्स किंवा माइनक्राफ्ट, एवढंच असेल तर वायफाय चालतं. हे मी नाकारत नाही. पण तुम्ही तसं लिहिलेलं नाही. तुम्ही सरसकट ‘की झालं’ लिहिलंत.

‘कुटाणा’ शब्दाचंही बोलू. शब्द आपल्याकडचाच आहे, त्याच्यावर राग नाही. पण तो तुम्ही चुकीच्या जागी लावला. तारेचा कुटाणा अर्ध्या तासाचा असतो. कॅट-५ई तार घ्या, शुद्ध तांब्याची. अॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली स्वस्त तार येते ती घेऊ नका, दोन वेळा गुंडाळली की आत तुटते. दोन मीटरच्या तारा घेतल्या तर पुरत नाहीत, पाच मीटरच्या पाच आणि दहाच्या तीन घ्या. घरी क्रिम्प करणार असाल तर वरचं आवरण साधारण १२ मिलिमीटर सोला, रंगांचा क्रम पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. दोन्ही टोकांना हाच. वरच्या आवरणाची कड कनेक्टरच्या आत दाबली गेली पाहिजे, नाहीतर ओढ बसली की बारीक तारा निसटतात. गिगाबिटला चारही जोड्या लागतात, एक जोडी नीट बसली नाही की जोडणी गुपचूप १०० मेगाबिटवर येते आणि कोणाला कळत नाही. तारा सतरंजीखालून न्या, दारात चिकटपट्टी लावा. आणि एक काळजी: एकाच तारेची दोन्ही टोकं एकाच स्विचमध्ये कोणी खुपसली की साध्या स्विचवर सगळ्यांचं नेटवर्क एका झटक्यात बंद पडतं. अंधारात हे हमखास होतं.

खरा कुटाणा तार जोडल्यावर सुरू होतो आणि तो हॉटस्पॉटने एका मिनिटानेही कमी होत नाही. नवं नेटवर्क आलं की विंडोज त्याला बहुतेक वेळा ‘पब्लिक’ धरतो आणि फायरवॉल (विंडोजचा पहारेकरी) बाहेरून येणारं सगळं अडवतो. प्रत्येक लॅपटॉपवर जाऊन ते ‘प्रायव्हेट’ करावं लागतं आणि खेळ पहिल्यांदा उघडताना जी परवानगी मागतो ती द्यावी लागते. ज्याने घाईत ‘कॅन्सल’ दाबलं त्याला होस्ट होता येत नाही, आणि त्याने काय दाबलं ते त्याला आठवत नसतं. एखाद्याच्या लॅपटॉपवर व्हर्च्युअलबॉक्स किंवा व्हीपीएनसारखं सॉफ्टवेअर असतं. त्याचं खोटं नेटवर्क कार्ड आधी पकडून जुने खेळ भलत्याच आयपी पत्त्यावर (नेटवर्कवरच्या लॅपटॉपच्या क्रमांकावर) होस्ट करतात. त्या रात्रीपुरतं ते कार्ड बंद करायचं. कोणाचा पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल तर त्याला राउटरकडून पत्ता मिळालेला नाही. तार बदला, नाहीतर हाताने द्या: १९२.१६८.१.५० च्या पुढचे अंक, सबनेट मास्कच्या रकान्यात २५५.२५५.२५५.०, दोघांना एकच अंक नको. राउटर १९२.१६८.० चे पत्ते देत असेल तर तिसरा अंकही तोच ठेवा. खेळाची आवृत्ती सगळ्यांकडे एकच हवी, माइनक्राफ्टमध्ये शेवटचा आकडासुद्धा. स्टीमवर (खेळ विकत घेऊन चालवायच्या ॲपवर) एकदा इंटरनेट असताना लॉगइन करून, खेळ एकदा उघडून, मग ऑफलाइन मोड लावायचा. पार्टीच्या रात्री नेट गेल्यावर हे सुचून उपयोग नाही.

सांगा, यातलं कोणतं काम हॉटस्पॉट करून देतो?

२००५ सालचं म्हणालात. वायफायचं पहिलं मानक १९९७ सालचं आहे आणि तांब्याच्या तारेवरच्या गिगाबिटचं १९९९ सालचं. सालावरून बोलायचं तर तुमचा हॉटस्पॉट माझ्या स्विचपेक्षा दोन वर्षांनी जुन्या घराण्यातला आहे. साल काढायच्या आधी तपासायचं असतं.

लाइटचा मुद्दा तुम्ही मांडला तो मात्र विचार करून मांडलेला नाही. फोन चालू राहील, पण खेळणार कोण? डेस्कटॉप त्या फोनवर चालत नाहीत. आठ पोर्टचा स्विच पाचेक वॅटचा असतो, इन्व्हर्टरच्या लाइनवर लावला की रात्रभर हलत नाही. राउटरसाठी मिळणारा छोटा यूपीएसही चालतो, फक्त स्विचच्या तळाला लिहिलेले व्होल्ट वाचा: काही ५ चे, काही ९ चे, काही १२ चे. ५ च्या स्विचला १२ व्होल्ट दिले की तो जळतो. घरातली १५० एएचची १२ व्होल्टची बॅटरी कागदावर १८०० वॅट-अवर, हातात येतात हजार-बाराशे. खेळताना ३०० वॅट खाणारे दोन डेस्कटॉप त्याच्यावर दोन तासही धड टिकत नाहीत, म्हणून ज्या गावात रात्री लाइट जाते तिथे लॅपटॉपच बोलवा. आठ डेस्कटॉप मॉनिटरसह २८०० वॅटपर्यंत जातात, म्हणजे २३० व्होल्टवर १२ अँपिअर. हे सगळं ६ अँपिअरच्या एका प्लगवर लटकवलं की बोर्ड गरम होतो, वास येतो, मग एमसीबी पडतो. किमान तीन वेगवेगळ्या सर्किटांवर वाटा, गिझरचा १६ अँपिअरचा पॉइंट जवळ असेल तर एक एक्स्टेन्शन बोर्ड तिथून घ्या. कॅबिनेटला हात लावल्यावर मुंग्या येत असतील तर बोर्डाला अर्थिंग नाही. मे महिन्यात आपल्याकडे अर्थिंगचा खड्डा कोरडा पडून हे होतं, त्यात आदल्या दिवशी दोन बादल्या पाणी ओता. आणि तीन पिनेच्या प्लगला दोन पिनेचा कन्व्हर्टर लावू नका. हे सगळं लेखात होतं. तुम्ही वाचलं असतंत तर ‘स्विच मेला’ लिहिलं नसतंत.

खर्च गावागणिक बदलतो, दुकानात विचारा. जेवणाचं तुमचं तुम्ही बघा, लेख नेटवर्कवर होता. मोबाइलवाल्यांचा बीजीएमआय हा खेळ कंपनीच्या सर्व्हरवर चालतो, त्याला लॅन लागतच नाही, तो वेगळा विषय.

वाद बोलून मिटणार नाही, मोजून मिटेल. होस्टच्या पत्त्यावर सतत पिंग लावून ठेवा आणि तेव्हाच आठ जण खेळायला बसवा, सोबत एक फाइल कॉपी होऊ द्या. दहा मिनिटं तुमच्या हॉटस्पॉटवर, दहा मिनिटं स्विचवर. शेवटी कमाल, किमान आणि सरासरी असे तीन आकडे येतात. सरासरी बघू नका, कमाल बघा. दोन्हीकडचे आकडे इथे खाली टाका. हॉटस्पॉटची कमाल २० च्या आत राहिली तर लेखाच्या पहिल्या ओळीत तुमचं नाव घालून तसं लिहीन.