घोड्याचे पाय आणि जेलचे फटकारे

आज डोकं फिरलंय, त्यामुळे पोस्ट लांबणार. वेळ नसेल त्यांनी पुढे जावं.

बडोद्याजवळच्या भायलीला एका ओळखीच्यांकडे वास्तुशांत होती. हॉलमध्ये सोफ्याच्या वर फ्रेंच चित्रकार झेरिकोची 'एप्समची डर्बी', म्हणजे इंग्लंडमधल्या घोड्यांच्या शर्यतीचं चित्र! बघूनच बरं वाटलं. जवळ जाऊन पाहतो तर साधी प्रिंट आणि ब्रशचे फटकारे वाटावेत म्हणून वरून पारदर्शक जेल फासलेलं. फटकाऱ्यांना कशाचा काही धरबंध नाही. एक तर घोड्याच्या पोटावरून निघून, जॉकीच्या मांडीवरून थेट ढगात गेलेला. मागे दुकानाचं स्टिकर: 'हँड पेंटेड'. यजमान कौतुकानं दाखवत होते. मी श्रीखंड-पुरी खाऊन गप घरी आलो. वास्तुशांतीला कोण तोंड उघडणार?

ते घोडे मला पाठ आहेत हो. माझ्या काकांनी ते रंगवले होते, रावपुऱ्यातल्या आमच्या जुन्या घराच्या माळ्यावर, रेसचा नाद असलेल्या एका शेठसाठी. काका पोटासाठी साइनबोर्ड रंगवायचे आणि असली ऑर्डर आली की आठवडाभर जेवायला खाली उतरायचे नाहीत. आधाराला काय, तर पुस्तकातलं वीतभर चित्र. त्यावर ग्राफ पाडला, तोच तीन बाय चार फुटांच्या कॅनव्हासवर वाढवला. पॅरिसच्या लूव्हर संग्रहालयातलं मूळ चित्रही साधारण तेवढंच आहे. अंधारलेलं आभाळ, खाली हिरवं मैदान आणि चार घोडे, पुढचे पाय पुढे, मागचे मागे ताणलेले, एकाचाही खूर जमिनीला नाही.

शेठ बघायला आले आणि म्हणाले, "आ पग खोटा छे. सरखा करी आपो." म्हणजे पाय चुकलेत, नीट करून द्या.

शेठचं म्हणणं चूक नव्हतं, एवढं कबूल करावं लागतं. चित्र 1821 सालचं. पुढे 1878 मध्ये कॅलिफोर्नियात मायब्रिज या फोटोग्राफरनं ओळीनं कॅमेरे लावून धावत्या घोड्याचे फोटो काढले, तेव्हा दिसलं की चारी पाय हवेत असतात खरे, पण ते पोटाखाली गोळा झालेले असताना. तोवर रेसचे चित्रकार सर्रास असेच ताणलेले पाय काढायचे. आणि झेरिकोला घोडा कळत नव्हता असं कोण म्हणेल? स्वतः बेफाम घोडेस्वारी करणारा माणूस, घोड्यावरून पडून पडून तब्येत ढासळली आणि 1824 मध्ये 32व्या वर्षी गेला.

काकांनी ब्रश खाली ठेवला. "शेठ, झेरिको हवाय का फोटो हवाय?" शेठ रागावून ॲडव्हान्स परत मागून गेले. तो काकूनं घरखर्चातून दिला, हे पुढे काकूच्याच तोंडून आम्ही कितीदा तरी ऐकलं.

हे सगळं संध्याकाळी शाळेच्या ग्रुपवर लिहिलं, तर एक महाशय म्हणतात, "नक्कल ती नक्कल. हातानं केली काय, मशीननं केली काय." अरे, रेसकोर्स रंगवून नाव कमावलेला फ्रेंच चित्रकार देगा उमेदवारीत लूव्हरमध्ये नकलाच करत बसायचा! आजही तिथं परवानगी काढून लोक नकला करतात. अट एवढीच की माप मूळ चित्रापेक्षा वेगळं हवं. तिथं कोणी त्यांना हसत नाही, आपल्याकडे मात्र अक्कल पाजळायला सगळे तयार.

दुसऱ्यानं रवी वर्मांना मध्ये आणलं. त्यांनीही प्रेस काढून छापलंच ना? छापलं. ओलिओग्राफवर, म्हणजे त्या रंगीत छापील चित्रांवर, तेलरंगासारखी चमकही आणायचे, तेही माहीत आहे मला. पण छापलेलं छापलेलं म्हणूनच विकलं. प्रिंट लावा, माझी ना नाही, सगळ्यांना कॅनव्हास कुठून परवडणार? आणि हातानं रंगवलेलं म्हणजे उत्तमच असंही नाही. चीनमधल्या दाफेन या चित्रकारांच्या गावात अशा नकलांचे ढीगच्या ढीग निघतात, त्यात रद्दीही असणारच. पण जेल फासून हात दाखवायचा? थू!

आणि हे बडोद्यात! इथल्या प्रतापसिंहराव महाराजांनी 1945 मध्ये 28,000 गिनी (जुनं इंग्रजी चलन) मोजून एक शिंगरू घेतलं, त्याला आजोबांचं नाव दिलं, सयाजीराव. त्यानं 1947 ची सेंट लेजर ही इंग्लंडमधली मोठी शर्यत जिंकली आणि पुढच्या वर्षी महाराजांच्याच माय बाबू या घोड्यानं तिथलीच टू थाउजंड गिनीज. उधळपट्टी म्हणाल तर होतीच. पण रेसचा घोडा इथल्या भिंतीला काही परका नाही.

असो. त्या यजमानांवर माझा राग नाही. त्यांना चित्र आवडलं, म्हणून पैसे टाकले. बिचाऱ्यांना सांगणार कोण?

काकांचं एक सांगायचं राहिलं. त्या वीतभर चित्रात घोड्याचा पाय काडीएवढा. सांधा कुठे, शीर कुठे, काही दिसायचं नाही. म्हणून काका सकाळी स्टेशनबाहेर टांग्यांच्या घोड्यांचे गुडघे बघत उभे राहायचे. टांगेवाले चिडवायचे, "काका, सोयरीक जमवताय का?" परत येऊन सांधे अगदी बरोबर बसवले आणि पाय मात्र झेरिकोनं ताणले तसेच ताणले. खरा घोडा कसा पळतो ते त्यांना ठाऊक होतं की हो! पुढे शेठनी पूर्ण पैसे देऊन ड्रायव्हरला पाठवलं, चित्र आहे तसं नेलं. स्वतः काही जिना चढले नाहीत.

काकांच्या हाताखाली तयार झालेला एक जण अजून ऑर्डरी घेतो. सध्या इंग्रज चित्रकार स्टब्सचा व्हिसलजॅकेट, तोही रेसचा घोडाच, चालू आहे, लहान मापात, कारण मूळ साडेनऊ फूट उंच आणि तेवढी भिंत इथं कोणाकडे आहे? नंबर हवा असेल तर इनबॉक्समध्ये विचारा. दिवाळीच्या आत पाहिजे असेल तर विचारू नका.